फाईलवरची जुनी तारीख

अण्णांची पहिली चूक मी एका मंगळवारी सकाळी दुरुस्त केली आणि कोणाला सांगितली नाही.

चूक लहानशी होती. आमचं ऑफिस बेंगळुरूत, व्हाइटफील्डला, आणि आमचं काम म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधले रिपोर्ट डॉक्टरांच्या स्क्रीनपर्यंत पोहोचवणं. लॅबवाले रिपोर्ट भरायचे ते जावा या संगणकीय भाषेत लिहिलेल्या एका वेब ॲप्लिकेशनमध्ये, आणि ते ॲप्लिकेशन ज्या सर्व्हरवर होतं तो सांभाळायला आम्ही दोघं होतो, अण्णा आणि मी. सर्व्हरनं डेटाबेसशी एका वेळी किती जोडण्या उघडायच्या, तो आकडा सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो. तिथे ऐंशी हवे होते. त्या सकाळी आठ होते. लॅब उघडल्या, माणसं कामाला बसली, आठ जोडण्या भरल्या आणि बाकीचे सगळे स्क्रीनवर गरगर फिरणारं चक्र बघत राहिले. मी लॉग, म्हणजे सर्व्हरची आपोआप लिहिली जाणारी नोंदवही, उघडला. जोडणी मिळत नाही, जोडणी मिळत नाही, अशा ओळींची रांग लागली होती. तिथून फाईलवर गेले, गळलेलं शून्य परत घातलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांत सगळं सुरळीत.

मग फाईल शेवटची कोणी बदलली ते पाहिलं. आदल्या संध्याकाळी, अण्णांच्या लॉगिननं.

मला ते खरं वाटेना. कारण त्या बदलाच्या वर एकही शब्द लिहिलेला नव्हता, आणि न लिहिता फाईलला हात लावायचा नाही हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. "काय बदललं ते फाईल सांगतेच की," ते म्हणायचे. "का बदललं ते तू सांग. दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला सांग." त्यांच्या हातच्या फाईलींत प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक-दोन ओळी असायच्या. कुठल्या गावच्या लॅबनं तक्रार केली होती, किती वाजता, आधी काय करून पाहिलं, का जमलं नाही. मी नवीन होते तेव्हा सर्व्हर शिकायला पुस्तक उघडलंच नाही, अण्णांच्या त्या ओळी वाचल्या.

अण्णा जे. पी. नगरचे. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की नागपूरहून आलेल्या मला सुरुवातीला निम्मंच कळायचं. "स्वल्प थांब गं, लॉग बघू दे," असं म्हणायचे. मला नावानं कधी हाक मारली नाही. तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. मी नागपूरच्या सवयीनं "सर" म्हणत होते, तर तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "सर नको. इथं सगळे अण्णा म्हणतात." ऑफिसात दिवसभर इंग्रजी आणि हिंदी. मराठी आमच्या दोघांच्या टेबलापुरती.

अण्णा मला खरे कळले ते आनेकलला. तिथल्या लॅबमध्ये ॲप्लिकेशन रोज सकाळी अडकायचं, आणि सगळ्यांचं म्हणणं सर्व्हरची मेमरी वाढवा. अण्णा म्हणाले, "आधी जाऊन बसू." आम्ही दोन बस बदलून आनेकलला गेलो आणि काउंटरवरच्या बाईंच्या शेजारी स्टुलावर दीड तास नुसते बसलो. समोर कारखान्यातल्या बायांची रांग. बाई एकीचा फॉर्म अर्धा भरायच्या, तिला नमुना द्यायला आत पाठवायच्या, आणि तो फॉर्म तसाच उघडा ठेवून दुसरीचा सुरू करायच्या. एका वेळी सात-आठ अर्धे फॉर्म उघडे, आणि प्रत्येक फॉर्म एकेक जोडणी धरून बसलेला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "त्यांना सांगायला हवं होतं, असं करू नका म्हणून."

"का?" अण्णा म्हणाले. "रांग आहे तिच्यासमोर. ती बरोबरच करते. आपला फॉर्म चुकतोय." परत येऊन त्यांनी अर्धा फॉर्म जोडणी सोडून देईल अशी सोय करून घेतली, आणि फाईलीत ओळ लिहिली. त्या ओळीत आनेकलच्या बाईंचा उल्लेख 'जिचं बरोबर होतं ती' असा होता.

असा माणूस एक शून्य गाळतो आणि वर काही लिहीत नाही. मी स्वतःची समजूत घातली. घाई झाली असेल.

दुसरी चूक पंधरा दिवसांनी झाली, उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी. डेटाबेसकडून उत्तर यायला सर्व्हरनं किती वेळ वाट पाहायची, त्याचा आकडा. सर्व्हर सेकंदात नाही, मिलिसेकंदात मोजतो. तीस सेकंद थांबायचं तर तीस हजार लिहायचे. अण्णांनी तीस लिहिले होते. म्हणजे डेटाबेसनं तोंड उघडायच्या आत सर्व्हर पाठ फिरवत होता. हीच चूक नवीन असताना मी केली होती आणि अण्णा खो खो हसले होते.

या वेळी मी त्यांना विचारलं. "अण्णा, हे तुम्ही केलंत का?"

ते स्क्रीनजवळ वाकले. फार जवळ वाकले. "मी? नाही की. तूच केलं असशील," म्हणाले, आणि मग एकदम आवाज चढवून, "सगळं माझ्यावर घालायचं असं ठरवलंय का तुम्ही?"

अण्णांचा चढलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. पलीकडच्या टेबलांवरून माना वळल्या. मी "सॉरी" म्हणाले आणि आकडा दुरुस्त केला. तासाभरानं तेच माझ्यापाशी आले आणि काहीच झालं नसल्यासारखं कॉफीला बोलावलं.

कॉफी ते घरून आणायचे. एका फ्लास्कमध्ये डिकॉक्शन, दुसऱ्यात दूध, आणि दोन स्टीलचे पेले. मी एक घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. दूध नासलं होतं, चांगलंच. नाकाजवळ नेलं तरी कळावं इतकं. अण्णा मात्र पेला संपवत होते.

"दूध बरं आहे ना?" मी विचारलं.

"मस्त आहे की," ते म्हणाले.

मी माझी कॉफी बेसिनमध्ये ओतली. माणूस विचारात असला की चव कळत नाही, असं मनाशी म्हटलं. आता त्या पेल्याची आठवण आली की मला ते बेसिनच दिसतं.

नंतर बारीकसारीक गोष्टी होत राहिल्या. मेट्रोत उतरायचं स्टेशन चुकायचं. एकच प्रश्न दुपारी दोनदा विचारायचे. पूर्वी सर्व्हर बिघडला की खुर्ची ओढून बसायचे, डोळे चमकायचे. आता "बघ तू" म्हणून खिडकीकडे तोंड करायचे. आकडे वाचताना डोळे बारीक करायचे, म्हणून मी त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिली. पुढच्या महिन्यात आणखी मोठी केली. चष्म्याचा नंबर बदलला असेल, डॉक्टरला दाखवा, असं म्हटलं होतं मी. एकदाच. ते "हो हो" म्हणाले आणि मी विषय सोडला.

मला वाटत होतं की अण्णा थकलेत. वय पंचावन्नच्या आसपास, कंपनीत दर वर्षी जुनी माणसं कमी होत होती, आणि आमचा मॅनेजर, पुण्याचा, माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा, मीटिंगमध्ये त्यांच्याकडे बघेनासा झाला होता. अण्णांच्या चुका वर कळल्या तर त्यांना घरी बसवतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आजार हा शब्द मनात आला नाही असं म्हणवत नाही. आला होता. मी तो पुढे जाऊ दिला नाही.

मे महिन्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांना मी अक्का म्हणायची. त्यांच्या घरी चार-पाच वेळा जेवले होते, दिवाळीला चिरोटे खाल्ले होते. अक्का थोडं इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "ऑफिसात काय त्रास आहे का गं त्यांना? घरी उगीच चिडतात. बोलतच नाहीत. मुलाचा फोन आला तरी नुसतं हूं हूं."

"नाही अक्का," मी म्हणाले. "सगळं ठीक आहे. काम थोडं वाढलंय, बाकी काही नाही."

"सरी मग," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं मग. त्यांच्या आवाजातली काळजी उतरलेली मला ऐकू आली. मला बरं वाटलं, की आपण एका बाईची काळजी कमी केली.

त्याच आठवड्यात मी ती स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे आपोआप चालणारा छोटासा प्रोग्राम. सर्व्हरच्या सेटिंगची एक चांगली प्रत मी बाजूला ठेवली होती. रोज सकाळी सहा वाजता स्क्रिप्ट सर्व्हरवरची फाईल त्या प्रतीशी ताडून बघायची. फरक सापडला तर मला मेल. सुरुवातीला इतकंच होतं. पण मेल वाचून मी लॅपटॉप उघडेपर्यंत लॅब सुरू झालेल्या असायच्या. म्हणून मी त्यात भर घातली. फरक दिसला की स्क्रिप्टनं माझी प्रत सर्व्हरवर ठेवायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. आणि फाईल बदलल्याचं कोणाच्या लक्षात येऊ नये, म्हणून तिच्यावर जुनीच तारीख ठेवायची. या शेवटच्या ओळीचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. जेव्हा एखादा बदल खरोखरच करायचा असे तेव्हा मी माझी प्रतही बदलत होते. जून, जुलै, ऑगस्ट, स्क्रिप्टनं बऱ्याच वेळा फाईल जागेवर आणली. अण्णांना कळलं नाही, मॅनेजरला कळलं नाही. उलट तो एकदा म्हणाला, हल्ली सर्व्हर छान चाललाय.

गणपतीनंतर माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. मी आठवडाभराची रजा घेऊन नागपूरला गेले. जाताना स्क्रिप्ट बंद करावी का, असा विचार आला होता. बंद केली नाही. मी नसताना अण्णांनी काही केलं तर, म्हणून मुद्दाम चालू ठेवली.

डेटाबेस नव्या मशीनवर हलवायचं काम त्या महिन्यात होतं, पण मी परत आल्यावर. ते मध्येच अलीकडे ओढलं गेलं आणि शुक्रवारी संध्याकाळी झालं. सर्व्हरच्या फाईलमध्ये फक्त नव्या मशीनचा पत्ता घालायचा होता. ते काम अण्णांकडे आलं. आणि अण्णांनी ते केलं. डोळे बारीक करून, अक्षर अक्षर तपासून त्यांनी पत्ता बदलला, सर्व्हर सुरू केला, खोट्या पेशंटचे तीन रिपोर्ट पाठवून पाहिले, ते पोहोचले, आणि ते घरी गेले.

शनिवारी सकाळी सहा वाजता माझ्या स्क्रिप्टला फरक दिसला.

मेल मी नागपूरच्या घरी पाहिला. पाळण्याला फुलं बांधत होते, एका हातात दोरा. 'फरक सापडला. फाईल पूर्ववत केली.' मी मनात म्हटलं, बरं झालं स्क्रिप्ट चालू ठेवली. फरक काय होता ते उघडून पाहिलं नाही. फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा फुलं बांधायला लागले.

जुनं मशीन आठवडाभर सुरू ठेवायचं ठरलं होतं, म्हणून काहीच अडलं नाही, आणि काहीच अडलं नाही म्हणून कोणाला कळलं नाही. लॅबवाले रिपोर्ट भरत राहिले, सर्व्हर ते जुन्या मशीनवर टाकत राहिला, आणि डॉक्टर, ज्यांचे स्क्रीन दुसऱ्या टीमच्या सर्व्हरवर चालायचे, नव्या मशीनवर शोधत राहिले. दुपारी फोन सुरू झाले. आनेकलच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशनला घेतलेल्या बाईचा रक्ताचा रिपोर्ट सापडेना, तिचं ऑपरेशन पुढे ढकललं. असं आणखी काही ठिकाणी झालं. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. संध्याकाळपर्यंत मॅनेजरनं दुसऱ्या टीमला बसवून पत्ता बदलून घेतला आणि सगळे रिपोर्ट हलवून घेतले. ऑफिसच्या ग्रुपवर ते वाचल्यावर मी सकाळचा मेल उघडला, फरक काय होता ते पाहिलं, आणि नागपूरहूनच स्क्रिप्ट गुपचूप बंद केली.

सोमवारी मीटिंग झाली. मला नागपूरहून व्हिडिओवर जोडून घेतलं. मी आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाला टेकून बसले होते. बाहेर पाहुणे. मॅनेजरनं शनिवारी सापडली होती तशी फाईल स्क्रीनवर लावली. पत्ता जुना. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

"शुक्रवारी तुम्ही पत्ता बदललाच नाही," तो हिंदीत अण्णांना म्हणाला. उद्धट नव्हता तो. थकलेला होता.

"मुझे याद है," अण्णा म्हणाले. "मैंने बदला था।"

"फाईलला शुक्रवारी हातच लागलेला नाही. तारीख बघा."

अण्णा खुर्चीतून उठून भिंतीवरच्या स्क्रीनपाशी गेले. इतके जवळ की त्यांच्या डोक्याची सावली फाईलवर पडली. बराच वेळ तारीख बघत राहिले. मी त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत होते. 'शुक्रवारचा लॉग उघडा' एवढंच मला म्हणायचं होतं. तीन शब्द. लॉगमध्ये सगळं होतं: नवा पत्ता, ते तीन रिपोर्ट, आणि सकाळी सहाचं माझं कर्तृत्वही. माझा माइक बंद होता. मी तो चालू केला नाही.

अण्णा वळले. "मग नसेल बदललं," ते मराठीत म्हणाले, आणि बाकीच्यांना कळलं नाही हे लक्षात येऊन, "नहीं किया होगा।" मग खाली बसले.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी अक्कांना सांगितलं, "मला नीट आठवतंय ते मी केलेलंच नाही. माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. डॉक्टरकडे चल." इतके दिवस अक्का म्हणत होत्या तरी ते जात नव्हते. आता आपणहून निघाले. मंगळवारी स्कॅन झाला.

बुधवारी मी बेंगळुरूला उतरले तेव्हा अक्कांचा फोन आला. "डोक्यात गाठ निघाली गं," त्या म्हणाल्या. "कॅन्सरची नाही म्हणतात. पण मोठी आहे. संत्र्याएवढी."

गाठ कपाळाच्या मागे, नाकाच्या वरच्या बाजूला होती. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली. अशा गाठीत आधी वास येणं बंद होतं, डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं होतं. मग स्वभाव बदलतो, उत्साह जातो, विसरायला होतं, आणि डोळ्याच्या नसेवर दाब आला की नजर जाते. फोनवर ऐकताना मला एकेक गोष्ट ओळखीची वाटत होती. मी विमानतळाच्या बसमध्ये बसले होते. शेजारच्या बाईनं न विचारता मला पाण्याची बाटली दिली.

ऑफिसात जाऊन मी आधी मॅनेजरला सगळं सांगितलं. शुक्रवारचा लॉग उघडून दाखवला. त्यानं तो ओळीओळीनं वाचला. मग मीटिंगमध्ये कधी बोलत नाही त्या मराठीत म्हणाला, "सोमवारी का नाही बोललीस?"

घाबरले, असं म्हणाले. ते खरंच होतं.

त्यानं माझा सर्व्हरवरचा हक्क काढून घेतला. तेही बरोबरच होतं.

हॉस्पिटलमध्ये गेले ती गुरुवारची दुपार. ऑपरेशन शुक्रवारी होतं. अण्णांचे केस काढलेले, त्यामुळे कान एकदम मोठे दिसत होते. अक्का खिडकीपाशी कसलातरी फॉर्म भरत होत्या.

"तंगी आली," अण्णा म्हणाले. "बारसं झालं?"

"झालं." मी पलंगाशेजारी बसले. "अण्णा, त्या शुक्रवारी तुम्ही पत्ता बदलला होता."

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"बरोबर बदलला होतात. शनिवारी सकाळी माझ्या एका स्क्रिप्टनं जुनी फाईल परत ठेवली. जुन्या तारखेसकट."

मला वाटलं चिडतील. ते कोपरावर जोर देऊन उठून बसले. "मग मी बदललं होतं."

"हो."

"आणि चालत होतं?"

"लॉगमध्ये आहे, अण्णा. तुमचे तीनही रिपोर्ट नव्या मशीनवर पोहोचले होते."

"अगं, इकडे ये," त्यांनी अक्कांना हाक मारली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जुनी चमक आली होती. "ऐकलंस? मी बदललं होतं. मी म्हणत होतो की नाही? तंगी, हिला सांग परत."

मी परत सांगितलं. अक्का पेन हातात धरून ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती स्क्रिप्ट तू कशाला लिहिलीस?"

"अण्णांच्या हातून चुका व्हायच्या म्हणून."

"कधीपासून?"

"उगादीच्या आधीपासून."

अक्का मनात महिने मोजत होत्या ते मला दिसत होतं. "मी तुला फोन केला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला ठाऊक होतं की गं."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या अगदी हळू बोलल्या, जणू मलाच एखादी गोष्ट समजावून सांगत होत्या. आणि पलंगावरून अण्णा म्हणत होते, "थांब गं स्वल्प, तिला बोलू दे. तीनही रिपोर्ट पोहोचले म्हणते ती."

ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठ निघाली. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, ते माणसं ओळखू लागले. उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच, आणि डाव्याची थोडीच राहिली. वास कायमचा गेला. कॉरिडॉरमध्ये मी डॉक्टरांना गाठून विचारलं, पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर? ते मला कोणीतरी नातेवाईक समजले. "डोळ्याचं खात्रीनं सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण शक्यता जास्त होती." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

अण्णा कामावर परत आले नाहीत. डिसेंबरात त्यांचं टेबल दुसऱ्याला दिलं. मला कंपनीनं काढलं नाही. सहा महिने मी इतरांचा कोड तपासत बसले आणि सर्व्हरचं काम दोन नवीन माणसांकडे गेलं. त्यांतला एक एकदा मला विचारायला आला, फाईलमधल्या अण्णांच्या या लांबलचक कॉमेंट काढून टाकू का, म्हणून. मी म्हटलं, राहू द्या. त्यानं राहू दिल्या की नाही, मला माहीत नाही.

मी अक्कांना फोन करत होते. त्या उचलायच्या. "झोपलेत ते," म्हणायच्या. किंवा "आता जेवताहेत." घरी ये असं कधी म्हणाल्या नाहीत आणि मी आपणहून गेले नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जे. पी. नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर थोडा वेळ बसून परत आले.

फेब्रुवारीत त्यांचाच फोन आला. "माझा गुडघा सुजलाय. मुलगा मार्चशिवाय येत नाही," त्या म्हणाल्या. "यांना डोळ्याच्या तपासणीला न्यायचंय. तू येशील का?"

मी रजा टाकून गेले. अण्णा दाराशी तयार होते, इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. अक्कांनी त्यांचा हात माझ्या हातात दिला, फाईल दिली, आणि "सावकाश जा" म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

रिक्षात अण्णांनी विचारलं, "ऑफिसात काय चाललंय?" मी सांगू लागले. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेतायत, त्यात काय अडलंय, मला कशाचा संशय येतोय. पूर्वी त्यांनी मध्येच तोडून दहा प्रश्न विचारले असते. आता ते ऐकत होते, मग ऐकेनासे झाले. मी वाक्य अर्धं सोडलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

तपासणी अशी होती. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकून बसायचं. आत कुठेही बारीक प्रकाशाचा ठिपका येतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराशी उभं राहू दिलं होतं. तपासणी करणाऱ्या मुलीनं कन्नडमध्ये सगळं समजावलं आणि यंत्र सुरू केलं. बटणाचा टिक असा आवाज यायचा. एक टिक. मग बराच वेळ काहीच नाही. आतमध्ये ठिपके येत-जात होते, मुलीच्या समोरच्या स्क्रीनवर ते मोजले जात होते, आणि अण्णा अंगठा बटणावर ठेवून ताठ बसले होते. पुन्हा एक टिक. पुन्हा काही नाही. मध्येच त्यांनी लागोपाठ तीनदा दाबलं. मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, दिसल्यावरच दाबा." अण्णा म्हणाले, "हो, हो," आणि नंतर फार वेळ दाबलंच नाही.

कागद छापून आला. गोलाचा बहुतेक भाग काळा, एका कडेला पांढऱ्याची अरुंद पट्टी; फाईलीतल्या मागच्या कागदावर ती रुंद होती.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिसले गं?"

"थोडेच," मी म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा कमी."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं माझ्या दंडाचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, "घरी मी सांगेन हिला. तू काही बोलू नकोस."

मी हो म्हणाले. जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगत त्यांना खाली आणलं, आणि रस्त्याच्या कडेला रिक्षा बघत उभी राहिले.